पोरांना जरा परकं होऊ द्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की खान्देशात सहलीचं पत्रक निघतं. जळगाव असो, धुळं असो, की चोपड्या-साक्रीकडची एखादी शाळा, मसुदा साधारण एकच. पहाटे चार वाजता शाळेच्या फाटकाशी जमावे. सोबत दोन वेळचा डबा, पाण्याची बाटली, स्वेटर. औट्रम घाट चढून सकाळी वेरूळ, मग घृष्णेश्वर, भद्रा मारुती, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा आणि वेळ उरला तर पाणचक्की. रात्री अकराच्या सुमारास परत, पालकांनी न्यायला यावे. तळाशी एक वाक्य हमखास असतं: सहल शैक्षणिक स्वरूपाची आहे. ते वाक्य पोरांसाठी नसतं, पालकांसाठीही नसतं. ते गटशिक्षणाधिकाऱ्यांसाठी असतं.

सहा ठिकाणं आणि एक दिवस. कैलास लेण्याच्या वाट्याला पाऊण तास येतो, त्यातला निम्मा रांगा लावण्यात आणि गटाचा फोटो काढण्यात जातो. देवगिरीवर भुलभुलैयापर्यंत पोचेतो सरांची शिट्टी होते. मकबऱ्यात संध्याकाळ होते आणि तिथे सगळ्यांना आठवण राहते ती बाहेरच्या चण्याफुटाण्यांच्या गाडीची.

यावर नेहमी होते ती तक्रार माझी नाही. पोरांना इतिहास कळत नाही, गाइड काय सांगतो ते मागच्यांना ऐकू जात नाही, सगळं लक्ष खाऊवर असतं. हे सगळं खरं आहे आणि त्याने काही बिघडत नाही. राष्ट्रकूट आणि यादव पुस्तकात आहेत, मोबाइलमध्ये आहेत. त्यांच्यासाठी थंडीत पहाटे चारला उठायची गरज नाही. माझं दुखणं निराळं आहे. एवढी तंगडतोड करून पोर दिवसभरात एक क्षणसुद्धा परक्या ठिकाणी गेलेलं नसतं. शेजारी बसणारा सोबती तोच, सर तेच, डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरची, गाण्याच्या भेंड्या त्याच आणि शिट्टीही शाळेच्याच पी.टी.च्या तासाची. आपण अख्खा वर्ग उचलून बसमध्ये घालतो, सहा ठिकाणी ओवाळून आणतो आणि रात्री फाटकाशी उतरवून घेतो.

सहलीतून घेण्यासारखं जे काही आहे ते परकेपण आहे, असं मला वाटतं. आपल्या गावात पोराला कधी काही विचारावं लागत नाही. किराणावाल्याला ते अमक्याचं पोरगं म्हणून ठाऊक असतं, उधारीचं खातं बापाच्या नावावर असतं, चुकीच्या गल्लीत शिरलं तर कुणीतरी काका ओरडून घरी पिटाळतो. परक्या गावात यातलं काहीच नसतं. रस्ता विचारायचा तर कुणाला विचारायचा हे आधी ठरवावं लागतं. रिक्षावाल्याला, पानटपरीवाल्याला, की ओट्यावर बसलेल्या आजींना? काय म्हणून हाक मारायची? त्याने सांगितलेली वाट चुकीची निघाली तर त्याच्यावर चिडायचं की पुन्हा दुसऱ्याला गाठायचं? खिशातल्या पन्नास रुपयांत दुपार कशी काढायची? आणि सगळ्यात अवघड म्हणजे समोरचा आपल्याकडे बघतो आहे, आपलं बोलणं ऐकून गालात हसतो आहे, हे पचवायचं. साक्रीच्या पोराला धुळ्यात हे होतं, धुळ्याच्याला पुण्यात होतं, पुण्याच्याला लंडनमध्ये होतं. ज्याला हे लहानपणी, चार मित्रांच्या सोबतीने, संध्याकाळी घरी परत जायच्या खात्रीने सोसायला मिळालं, त्याला पुढे ते कमी जाचतं. आज आपल्याकडची मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात नि किर्गिझस्तानात जातात. त्यातल्या पुष्कळांनी त्याआधी एकट्याने जळगावची नवी पेठसुद्धा धुंडाळलेली नसते.

परकेपणाचा हा धडा खान्देशातल्या काही मुलांना मात्र आपोआप मिळतो, आणि नेमकी ती मुलं सहलीच्या यादीत नसतात. आपला खरा परदेश म्हणजे सुरत. तापीकाठची रेल्वे लाइन भुसावळ-जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सरळ सुरतेला टेकते, आणि तिने कित्येक पिढ्या माणसं वाहून नेली आहेत. उधना, लिंबायत या भागांत तुम्हाला अहिराणी ऐकू येते. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. कुणाचा मामा तिथे लूमवर असतो, कुणाची बहीण तिकडे दिलेली असते. सातपुड्याकडची पावरा कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात, कुणी ऊसतोडीला, कुणी गुजरातेतल्या शेतांवर. सहावीतल्या अशा एखाद्या पोराला विचारा. गुजराती पाट्या कशा वाचायच्या, उधन्याला कुठल्या बाजूने उतरायचं, गर्दीत धाकट्या बहिणीचा हात कसा धरायचा, हे त्याला नीट सांगता येतं. मजुरीसाठी घर सोडावं लागणं ही काही सहल नव्हे, आणि त्या हालांनाच शिक्षण म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. पण शाळेने त्याच्या या अनुभवाची कधी एका ओळीने तरी दखल घ्यावी? तो परत आला की हजेरीपटावर त्याच्या नावापुढे तांबड्या शाईच्या गैरहजेरीची रांग असते, एवढंच.

आता अजिंठ्याचं बघा. जळगावपासून साठेक किलोमीटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा आम्हालाच जवळ. सोमवारी बंद असतं, हे विसरून आलेल्या शाळेची बस फर्दापूर फाट्यावर उभी दिसली की पोटात तुटतं. तिथून दुसऱ्या बसने खाली जायचं, पायऱ्या चढायच्या, वाघूरच्या वळणावरची ती नालाकार दरड समोर येते. चित्रांच्या लेण्यात शिरताना पादत्राणं बाहेर. चाळीस पोरांचे चाळीस जोड, आणि आत मोज्यांचा वास. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना पहिली दोन-तीन मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. भिंतीवर नुसता तपकिरी अंधार. डोळे सरावून पद्मपाणीची भुवई दिसायला लागते न लागते तोच मागून आवाज येतो, चला, पुढचं लेणं. म्हणजे ज्या क्षणी बघणं सुरू होणार, नेमक्या त्याच क्षणी आपण त्यांना बाहेर काढतो. पुढच्या लेण्यात पुन्हा तोच अंधार, पुन्हा तीच दोन-तीन मिनिटं. सर्वच्या सर्व लेणी पाहिली, असं अहवालात लिहिता येतं. पोरांनी खरं तर सगळीकडचा अंधार पाहिलेला असतो.

(भिंतींवर नावं कोरू नका, असं शिक्षक दर दहा मिनिटांनी बजावतात. योग्यच आहे. पण अजिंठ्याला ही वाईट खोड लावली ती १८१९ च्या २८ एप्रिलला आलेल्या जॉन स्मिथने. मद्रासच्या घोडदळातला हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्राच्या अंगावरच, आपलं नाव आणि तारीख ओरखडून गेला. तेव्हा लेण्यात दगडमातीचा भराव होता, म्हणून ती सही आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसते. आपण तिला शोधाचा पुरावा मानतो. तेच चाळीसगावच्या पोराने केलं तर पोलीस.)

याच अजिंठ्यात विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तऱ्हेच्या तुकड्याही येऊन गेल्या आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथे येत. पोरं मुंबईची, त्यांना हा मुलूख पुरता परका. काम एकच, भिंतीवरची चित्रं जशीच्या तशी उतरवून घेणं. त्यातल्या कितीतरी प्रती पुढे लंडनच्या आगीत जळाल्या. त्यांच्याही आधी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. या गिलची कबर भुसावळला आहे. भुसावळहून अजिंठ्याला सहली जातात आणि त्याच गावातल्या त्या कबरीपाशी कुणी थांबत नाही. असो. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्यासोबत कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते. त्यांत नंदलाल बोस होते. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन फैजपूरला भरलं तेव्हा गांधीजींनी सजावटीला बोलावलं ते याच नंदलालांना, आणि त्यांनी बांबू नि गावातल्या साध्या सामानातून ती केली. पंचविशी उलटताना ज्या मुलखात दिवस काढले, तिथे माणूस पन्नाशीनंतर पुन्हा आला आणि त्याच मातीतलं सामान हातात घेऊन कामाला लागला. या दोन गोष्टींत थेट धागा आहे असा दावा मी करणार नाही. पण मुलखाशी ओळख होते ती तिथे हाताने काही केलं म्हणून, हे म्हणायला मला ते पुरतं.

शाळेच्या पोरांना महिनोन् महिने तिथे ठेवता येणार नाही, हे उघड आहे. पण एक लेणं, एक खांब, हातात पेन्सिल आणि पाठीला पाठ लावून दीड तास, एवढं जमण्यासारखं आहे. गर्दी असली तर चित्रांच्या लेण्यातून बाहेर या आणि कोरीव खांबापाशी बसा. कुणाचं चित्र चांगलं आलं हा प्रश्नच नाही. रेषा काढायला लागलं की डोळा त्याच जागी परत परत जातो, बस्स.

यावर मुख्याध्यापक जे म्हणतात ते मला ठाऊक आहे. ते म्हणतात, एकच लेणं दाखवून आणलं तर पालक विचारतील, एवढे पैसे कशाचे घेतले? प्रश्न खरा आहे. सहलीच्या पत्रकात ठिकाणांची जी लांबलचक यादी असते ती शिक्षणशास्त्राने घडवलेली नाही, रुपयाला किती ठिकाणं या हिशेबाने घडवली आहे. शेजारची इंग्रजी माध्यमाची शाळा केवडियाला नेऊन १८२ मीटर उंच पुतळा दाखवून आणते, वर वॉटर पार्क; मग आम्ही मागे कसे राहायचे? या शर्यतीत शाळा उतरल्या की सहल ही टूर कंपनीची वस्तू होते. तीत पोरांनी बघायचं नसतं, त्यांना दाखवलं गेलं पाहिजे.

मला विचाराल तर गाव बघायला शिकवायचं असेल तर जळगावच्या शाळांनी धुळ्याला जावं. हसू नका. धुळ्याला काय बघायचंय, असं जळगावकर म्हणतात; आणि जळगावला काय आहे, असं धुळेकर. दोघांनीही दुसऱ्याचं गाव बसच्या खिडकीतून किंवा लग्नाच्या मंडपातून पाहिलेलं असतं. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासून ही अढी आहे की त्याआधीची, कोण जाणे.

धुळं हे आखून वसवलेलं गाव आहे. पेशवाई बुडाल्यावर खान्देश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास इथे ठाणं मांडून नवी पेठ आखली. जॉन स्मिथ अजिंठ्यात खांबावर नाव ओरखडत होता त्याच काळात हा दुसरा जॉन इकडे सरळ रस्ते ओढत होता. म्हणून धुळ्याच्या जुन्या भागात एकमेकींना समांतर गल्ल्या आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर आहेत: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पोरांना सोडायला याहून चांगलं गाव कुठे मिळणार? हरवायची मजा येते आणि हरवता येत नाही. नंबर मोजत गेलं की आग्रा रोड लागतोच. पाच-पाच पोरांचे गट करा, प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या. पाचकंदीलपासून राजवाडे संशोधन मंडळापर्यंत विचारत विचारत जा. तुम्हाला वाट सांगणारा माणूस मूळचा कुठला, ते विचारा. बाजारात तुमच्या गावाला ज्याला वेगळं नाव आहे अशी एक भाजी शोधा. पांझरेच्या काठी एकवीरेच्या देवळापाशी अडीच वाजता भेटा. एवढ्यात सकाळ जाते, आणि ती गेलेलीच बरी.

बघायला काही नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, उंदरांच्या तोंडून कागद सोडवून आणणारा हा माणूस. त्याच्या संग्रहातली मोडी कागदपत्रं समोर ठेवली तर पोरांना एक अक्षर वाचता येत नाही. हे फार चांगलं आहे. आपल्याच पणज्यांचं लिहिणं आपल्याला परक्या लिपीसारखं दिसतं, हा धक्का कुठल्याही किल्ल्यावर बसत नाही. जवळच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून हिंडून रामदासी हस्तलिखितं गोळा केली, ती इथे आहेत. या मंदिरात जपायची वस्तू म्हणजे पोथी. आणि मग धुळ्याचा तुरुंग. त्यात सहल जात नाही, पण भिंत बाहेरून दिसते. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबा त्या भिंतीआड कैद्यांना गीता सांगत होते आणि साने गुरुजी ती भराभर उतरवून घेत होते. आज घरोघरी असलेलं गीता प्रवचनांचं पुस्तक ते हेच.

आणखी वेळ असेल तर साक्रीच्या वाटेवर दातर्तीला जा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीच्या अगदी सुरुवातीला या तरुण इंजिनिअरच्या वाट्याला पांझरेखालून नळाने पाणी पलीकडे न्यायचं काम आलं. तेही इथे परकेच होते, म्हैसूरकडचे. आणि त्याच पांझरेवर त्यांच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी चालवलेली फड पद्धत होती: बंधारा, पाट, शेताचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कुणाच्या शेतात केव्हा सोडायचं ते ठरवणारा पाटकरी. जळगावच्या पोराला ठिबक सिंचन पाठ असतं, नळीवरच्या कंपनीच्या नावासकट. भांडण न करता एका पाटावर चाळीस शेतं भिजवायची युक्ती मात्र त्याने ऐकलेली नसते.

उलट्या बाजूने धुळ्याच्या पोरांनी जळगावला यावं. महापालिकेची सतरा मजली इमारत बघून एकेकाची मान दुखू द्या. लिफ्टमध्ये पहिल्यांदा पाय ठेवणारं पोर अजूनही आहे, त्याला हसू नका. सराफ बाजारातून चाला. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ तर सहलींच्या यादीत असतंच. २०१२ मध्ये ते उघडल्यापासून शाळांच्या बसा तिथे लागतात आणि पोरं एका दालनातून दुसऱ्यात शिस्तीत सरकतात. चांगलं केलेलं संग्रहालय आहे, तक्रार नाही. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते असोद्याच्या बाजूला एखाद्या मळ्यात भरिताची वांगी काट्यांवर भाजताना बघणं आणि लेवा बोलीत दोन शिव्या ऐकणं. अहिराणी बोलणाऱ्या पोराला तिथे कळतं की आपल्या जिल्ह्याच्या पलीकडे लगेच दुसरीच सृष्टी आहे.

हा काही माझ्या डोक्यातला नवा किडा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवणाऱ्या, तिथलं छात्रालय सांभाळणाऱ्या साने गुरुजींनी अखेरच्या काळात आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांकडे राहावं, भाषा शिकावी, घरचं खावं. आपण गुरुजींची जयंती करतो, त्यांची प्रार्थना रोज म्हणतो, आणि ही कल्पना फोटोला हार घालून भिंतीवर टांगून ठेवतो. बंगाल आणि तामिळनाडू राहू द्या. धुळ्याच्या सातवीतली चाळीस पोरं एक रात्र जळगावच्या सातवीतल्या चाळीस घरी जेवली-झोपली, तर तेवढ्यानेही गुरुजींना बरं वाटलं असतं. खर्च बसभाड्याचा, तोही एसटीची शालेय सहलीची निम्मी सवलत धरून.

जपानात शाळेच्या सहलीची प्रथा फार जुनी. १८८६ मध्ये टोकियोच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे विद्यार्थी लांब पायी कूच करत गेले, तिथपासून तिची सुरुवात धरतात. लष्करी थाटाची ती कूच आज पुरती बदलली आहे. आता शाळांतली पोरं क्योटोसारख्या शहरात जातात तेव्हा सहलीतला एक दिवस किंवा निदान अर्धा दिवस गटांच्या हवाली असतो. चार-सहा जणांचा गट आधी वर्गात बसून नकाशा काढतो, बसचे नंबर लिहितो, पैसे आणि वेळ यांचा मेळ घालतो, आणि त्या दिवशी स्वतःच फिरतो. शिक्षक ठरलेल्या नाक्यांवर उभे असतात. चूक झाली तर ती गटाची, आणि उशीर झाला तर धावत सुटायचं. जपानी रस्ते आणि आपले रस्ते यांत फरक आहे, मान्य. पण जपान्यांनी आपल्या पोरांना आधी सुरक्षित देश बांधून दिला आणि मग सोडलं, असं थोडंच आहे? पोरं रस्त्यावर दिसत राहिली म्हणून मोठ्यांना त्यांची सवय राहिली, हेही त्यात असणार.

भीतीचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०१६ च्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले आणि मुख्याध्यापकांच्या मनात जी धास्ती बसली ती अजून उतरलेली नाही. काही झालं तर निलंबन शिक्षकाचं होतं, चौकशी शिक्षकाची होते, गावात तोंड दाखवायची चोरी शिक्षकाला होते. चाळीस पोरांमागे दोन गुरुजी, त्यातले एक पन्नाशीचे, गुडघ्यांनी बेजार. त्यांनी शिट्टी वाजवत रांग ओढली तर त्यांना नावं ठेवायला मला जीभ रेटत नाही. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. पाणी आणि गल्ली यांचा धोका एक नव्हे. समुद्र, नदी, धरण, दरड इथे नियम कितीही कडक असोत, थोडेच. पण पाण्याच्या भीतीने आपण गल्लीही बंद केली. धरणाकाठी डबा खायला बसवणारी शाळा बाजारपेठेत मात्र पोरांना बसमधून उतरू देत नाही, हे मी पाहिलेलं आहे. तिथे भीती धोक्याची नसते, गैरसोयीची असते.

मुलींचा विषय निघाला की हा वाद सगळ्यात अवघड वळणावर येतो. सातवी-आठवीनंतर कितीतरी घरांतून मुलीला सहलीची परवानगी मिळत नाही. कारण विचारलं तर एकच: एवढ्या लांब, रात्री उशीर, जमाना बघता ना तुम्ही. जमाना मीही बघतो. पण हीच मुलगी रोज सकाळी वाडीवरून चालत फाट्यावर येते, एसटी पकडते, शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या स्टँडवर उतरते आणि कॉलेजला जाते. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास तिच्या दप्तरात असतो, मानव विकासची निळी बस तिला कंडक्टरसकट ओळखते. बस चुकली तर काय करायचं, कोणत्या सीटवर बसायचं आणि कुठल्या नजरेकडे दुर्लक्ष करायचं, हे ती वर्गातल्या कोणत्याही पोरापेक्षा चांगलं जाणते. परक्या गावात वावरायचं तिचं शिक्षण वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त त्यात मौज कुठेच नाही. तिला नेमकी मौजेचीच परवानगी नाकारायची? धुळ्याची एका दिवसाची सहल संध्याकाळी सातच्या आत घरी येते. बाई सोबत असतात. ज्या आयांना शंका आहे त्यांतल्या दोघी-तिघींना बसमध्ये घ्या. मुलींच्या आयांनी तरी पाचकंदीलचा बाजार मोकळेपणी कधी पाहिलाय?

पैशाचा मुद्दा शेवटी आणतो, पण तो लहान नाही. सहलीचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, आणि खान्देशात तोच कापूस वेचणीचा. मजुरांच्या घरी तेव्हा एकेक हात मोलाचा असतो, पोरांचेही. सहलीची वर्गणी हजाराच्या पुढे गेली की वर्गातली काही नावं आपोआप गळतात. ती पोरं सहलीच्या दिवशी शाळेत येतात. दोन-तीन वर्ग एकत्र बसवलेले, एक गुरुजी, फळ्यावर काही नाही. खिचडी झाली की सोडून देतात. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला निबंध असतो, मी पाहिलेली सहल. त्यांनी काय लिहायचं? शेजारच्याच्या वहीतून वेरूळ उतरवतात आणि दहापैकी सहा मिळवतात. शेजारच्या जिल्ह्याची, लाल बसची, डब्याची, एका दिवसाची सहल सगळ्या वर्गाला परवडू शकते, आणि वेचणीतून एक दिवस मागून घेता येतो. सगळा वर्ग गेला नाही तर सहल काढूच नये, इथपर्यंत माझी तयारी आहे.

राहता राहिला गटप्रमुखाचा प्रश्न. धुळ्याच्या गल्लीत पाच पोरांना सोडायचं तर त्यांच्यात एक असा हवा ज्याला अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटत नाही. शाळा सवयीने पहिल्या नंबराच्या मुलाला प्रमुख करील. तो नकाशा छान काढेल, त्यावर रंग भरेल, आणि पहिल्याच नाक्यावर अडखळून उभा राहील. त्याच्याऐवजी तो गैरहजेरीवाला घ्या, जो दोनदा सुरतेला जाऊन आलाय. पहिल्या नंबराच्या वडिलांचा संध्याकाळी फोन येईल. येऊ द्या.